फिक्सी मधेच ‘कटक’ करून सुटते? पार्ट बदलण्याआधी नेलपॉलिशची बाटली घ्या

माझ्या भाच्याची फिक्सी, म्हणजे चाक फिरतंय तोवर पाय थांबवता न येणारी सायकल, वर्षभरात तीनदा दुरुस्त झाली आणि तीनदा तोच आजार घेऊन परत आली. पायडल मारताना मधेच कटक, पाय पोकळीत गेल्यासारखा, आणि लगेच पुन्हा पकड. पहिल्यांदा वेल्डिंग झालं, दुसऱ्यांदा नवी चेन, तिसऱ्यांदा नवं चेनव्हील, म्हणजे पायडलपाशी असतं ते मोठं दातेरी चाक. खर्च अर्थात मामाचा. चौथ्या वेळी मी सायकल दुकानात न देता घरी अंगणात उलटी केली आणि दोन रविवार तिच्यामागं घालवले. सांगली-मिरजेत जुन्या काळ्या सायकलीवर घरच्या घरी बनवलेल्या अशा फिक्स्या आता दिसायला लागल्यात, आणि प्रत्येकाची तक्रार शब्दशः एकच असते: “चेन स्लिप मारतीय.”

चेन बहुतेक वेळा स्लिप मारत नसते. हे आधीच सांगून टाकतो.

फिक्सीत मागचं चाक आणि पायडल कायमचे जोडलेले असतात. चाक फिरतंय तोवर पाय फिरणार. वेग कमी करायचा तर पायडलवर उलटा दाब द्यायचा. इथंच सगळी गोम आहे. आपली साधी सायकल ताण पुढच्याच दिशेनं येणार असं गृहीत धरून बनवलेली असते. फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबवले तरी चाक फिरू देणारं मागचं दातेरी चक्र, हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) सरळ आट्यांनी बसतं आणि पायडल माराल तसं घट्ट होत जातं; दहा वर्षांचं फ्रीव्हील काढताना घाम फुटतो तो त्यामुळंच. त्याच आट्यांवर तुम्ही उलटा दाब दिलात, की प्रत्येक वेळी ते थोडे थोडे उघडतात. म्हणून फिक्सीच्या बाबतीत ‘सुटते का’ यापेक्षा ‘कधी सुटते’ हा प्रश्न आधी विचारायचा. पुढं मारताना, मागं दाबताना, की दाबाची दिशा बदलते त्या क्षणाला?

हे कळायला रस्त्यावर जावं लागतं. पहाटे हरिपूर रस्त्याला गाड्या कमी असतात, तिथं बरं पडतं. अडचण एवढीच की सांगली सपाट. कृष्णाकाठच्या सपाटीवर ताणच येत नाही, आणि ताणाशिवाय हा आजार दिसत नाही. आमच्या चिरंजीव भाच्याला तो पहिल्यांदा दिसला दंडोबाच्या डोंगरावरून उतरताना, म्हणजे दोन-तीन किलोमीटर सलग उलटा दाब दिल्यावर. डोंगर जवळ नसेल तर जागेवरून उभं राहून जोरात निघा, दहा-बारा पायडल मारा, मग उलटा दाब देऊन थांबा. पुढचा ब्रेक लावलेलाच हवा. तो नसेल तर पुढचं वाचू नका, आधी ब्रेक बसवा. मागचा जोड सुटला तर पाय मोकळेच फिरणार आणि मिरज रोडच्या सिग्नलला तुमच्याकडं दुसरं काही असणार नाही.

आता नेलपॉलिश. लाल, सगळ्यात स्वस्त. घरात कुणाची तरी असते. मी बायकोची घेतली आणि नवी आणून द्यावी लागली. जिथं दोन भाग एकमेकांवर बसतात तिथं दोन्हींवरून जाणारी एक बारीक रेघ ओढायची. रेघ तुटली की तिथला जोड हलला. मी चार ठिकाणी ओढल्या. पहिली, मागच्या दात्यांच्या रिंगवरून तिच्या मधल्या गाभ्यावर. दुसरी, त्याच रिंगच्या एका दात्यावर, आणि तिच्या समोर हबच्या फ्लँजवर, म्हणजे तारा जिथं अडकतात त्या थाळीवर. तिसरी, मागच्या एक्सलच्या नटाखालच्या वॉशरवरून फ्रेमवर. चौथी, क्रँकवरून (पायडल धरणाऱ्या दांडीवरून) मधल्या बीबी एक्सलच्या, म्हणजे दोन्ही क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या, टोकावर, दोन्ही बाजूंना. वाळू द्या. मग वर सांगितलं तसं चालवा.

आणि यात एक गोष्ट अशी आहे, जी आमच्या तिन्ही दुरुस्त्यांमध्ये कुणाच्या लक्षात आली नाही, माझ्याही नाही: उलटा दाब देऊन थांबल्यावर तिथंच उतरून रेघा बघायच्या. एक पायडलही पुढं मारायचं नाही. पुढं मारलं की उघडलेले आटे पुन्हा बसतात आणि रेघा पुन्हा समोरासमोर येतात. दुकानात सायकल स्टँडवर असते, मेकॅनिक हातानं पायडल पुढंच फिरवतो, सगळं घट्ट. “काय नाही बघा, चेनच लूज हुती,” म्हणून तो चेन ओढून देतो. पोरगं घरी येतं, दोन दिवस ठीक, तिसऱ्या दिवशी कटक.

भाच्याच्या सायकलीची पहिली रेघ शाबूत होती. दुसरी हबच्या मानानं चाकाच्या जवळजवळ आठव्या हिश्शाएवढी सरकली होती. समोर ४४ दाते आणि मागं १८, म्हणजे चाकाचा आठवा हिस्सा म्हणजे पायडलला सुमारे १८ अंश. पायाला जो खड्डा लागत होता तो हा. चेन नवी घातली तरी खड्डा तेवढाच, चेनव्हील बदललं तरी तेवढाच.

ही पहिली आणि दुसरी रेघ वेगळी ठेवण्याचं कारण सांगतो. आपल्याकडं पोरं फिक्सी बनवतात ती फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून. बाहेरची दात्यांची रिंग आणि आतला गाभा यांच्यामधल्या फटीत चार टाके मारले, की फ्रीव्हील ‘डेड’ झालं. हे टाके उलट-सुलट ताणानं तडकतात. तडकले तरी आतले कुत्रे, म्हणजे पुढं मारताना अडकणाऱ्या खिट्ट्या, अजून जागेवर असतात, त्यामुळं पुढं मारताना सगळं नीट चालतं आणि मागं दाबलं की रिंग नुसतीच फिरते, साध्या सायकलीसारखी. त्यात पहिली रेघ तुटते. पण टाके मजबूत असले तरी ते अख्खं फ्रीव्हील हबवर सरळ आट्यांनीच बसलेलं असतं, त्याला उलटं अडवणारं काहीच नसतं. ते सुटायला लागलं की दुसरी रेघ तुटते. दोन्हींचा आवाज सारखा, उपाय मात्र एकदम वेगळे. पहिल्यात वेल्डिंग पुन्हा मारून काही दिवस निघतील. दुसऱ्यात कितीही वेल्डिंग मारा, उपयोग शून्य. आमचे पहिले पैसे असे गेले.

कुणी म्हणतं, मग आट्यांना लाल लॉकटाइट, म्हणजे आटे चिकटवणारा गोंद, लावा. लावलं. कुणी म्हणतं, बीबीची लॉकरिंग, म्हणजे आवळून जागेवर धरणारी कडी, वरून घट्ट करा, आटे तेच आहेत. तेही केलं. आटे तेच आहेत हे खरंय, १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे, पण दिशाही तीच आहे. कॉग, म्हणजे मागचं दातेरी चक्र, उघडायला लागला की तो आपल्याबरोबर लॉकरिंगलाही उघडत नेतो. खऱ्या फिक्स्ड हबवर दोन पायऱ्या असतात. आतल्या मोठ्या पायरीवर सरळ आटे, कॉगसाठी. बाहेरच्या, १.२९ इंचाच्या लहान पायरीवर उलटे आटे, लॉकरिंगसाठी. मागं दाबल्यावर कॉग डावीकडं फिरू बघतो आणि लॉकरिंगला ढकलतो, पण डावीकडं फिरणं म्हणजे लॉकरिंगसाठी घट्ट होणं. सुटायला निघालेला कॉग स्वतःच स्वतःचं कुलूप लावतो. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा काढलं असेल त्याला सलाम.

एकदा तर ते फ्रीव्हील पूर्णच उघडून बाहेर सरकत फ्रेमला टेकायच्या बेतात आलं, ते नेमकं किर्लोस्करवाडीत. १९१० साली ज्यांनी तिथल्या माळावर कारखाना आणि गाव वसवलं, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात १८८८ साली बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून झाली होती. आणि भाचा त्याच गावात स्टेशनच्या बाहेर सायकल धरून मला फोनवर विचारत होता, “मामा, आता काय करू?” पॅसेंजरनं ये म्हटलं.

फ्रीव्हील बाकात (व्हाइसमध्ये) धरून काढलं तेव्हा खरं कारण दिसलं. आट्यांतून तांबडी भुकटी सांडली. पहिले तीन-चार फेर सपाट, जणू कानस मारलेली. ही सायकल माझ्या मेहुण्याची, गावभागातली, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती पाण्याखाली होती. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पूर ओसरल्यावर लोकांनी सायकली पाइपनं धुतल्या, चेनला ऑइल घातलं, टायर बदलले, आणि चालायला लागल्या म्हणून विसरून गेले. पण हबच्या आट्यांत, बीबीच्या छऱ्यांत, क्रँकला एक्सलवर धरणाऱ्या कॉटरच्या भोकात गेलेला गाळ तिथंच राहिला. साधी सायकल असती तर तिनं तसंच आणखी दहा वर्षं काढली असती, कारण पुढच्या ताणानं अर्धे आटेसुद्धा धरून ठेवतात. फिक्सी केली आणि उघडं पडलं. तेव्हा पुरात राहिलेली फ्रेम फिक्सीसाठी घेत असाल तर फ्रीव्हील उतरवून हबचे आटे बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका. नख फिरवून बघा. धार लागली पाहिजे. गुळगुळीत लागलं तर तो हब दूधवाल्याच्या सायकलीला द्या.

मी ते चाक घेऊन आधी कुपवाड एमआयडीसीत एका ओळखीच्या लेथवाल्याकडं गेलो. म्हटलं, याच हबवर बाहेरच्या बाजूला उलट्या आट्यांची पायरी काढून दे. त्यानं व्हर्नियर लावला, हब दोनदा फिरवून बघितला आणि परत दिला. “अण्णा, इथं मटेरियल कुठाय? कातलं तर कोनच बाहेर पडंल.” मग मिरजेतले एक चाचा, ज्यांच्याकडं मी शाळेत असल्यापासून पंक्चर काढतोय, त्यांनी तयार फिक्स्ड हब घालून चाक नव्यानं विणलं. “चाचा, जुन्याच तारा चालतील का?” म्हणून विचारलं तर माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प नव्या आणल्या. फ्लँजचा व्यास बदलला की तारांची लांबी बदलते, हे मला नंतर उमगलं.

नवा कॉग बसवण्याची रीत नीट पाळा. इथं घाई केलेल्या माणसाचे नव्या हबचेही आटे जातात, आणि ॲल्युमिनियमचे असले तर पहिल्याच आठवड्यात. दोन्ही आटे रॉकेलनं धुवून कोरडे करायचे, पातळ ग्रीस लावायचं. ग्रीसनं सुटेल अशी भीती नको. ग्रीस नसलं तर अर्धा जोर नुसत्या घर्षणात जातो आणि घट्ट झाल्याचा खोटा भास होतो. कॉग हातानं शेवटपर्यंत जातोय ना ते बघा, तिरका चढला तर परत काढा. मग जोरानं आवळा. चेन-व्हिप, म्हणजे कॉग धरून फिरवायचा पाना, नसेल तर जुन्या चेनचा तुकडा लोखंडी पट्टीला बोल्टनं अडकवून घरी बनतो. त्याहून जालीम उपाय म्हणजे रोटाफिक्स: सायकल उलटी, चेनव्हीलवरची चेन काढून तिचा फेरा बीबीच्या नळीभोवती घ्यायचा, नळीला जाड फडकं गुंडाळायचं, दुसरं टोक कॉगवर, आणि चाक दोन्ही हातांनी मागं, म्हणजे चालताना फिरतं त्याच्या उलट, ओढायचं. चाकाची त्रिज्या तीसेक सेंटिमीटर, कॉगची साडेतीन. एवढा तरफेचा फायदा कुठल्याच पान्याला मिळत नाही. फक्त लोखंडी फ्रेमवर करा. मग लॉकरिंग, आणि तिला तिच्या खाचेत अडकणारा सी-पाना. छिन्नी-हातोडीनं ठोकून लॉकरिंगच्या खाचा फोडलेल्या सायकली मी बघितल्यात. दहा-पंधरा किलोमीटर चालवून, दोन-चार वेळा उभं राहून जोर लावून परत या, लॉकरिंग पुन्हा एकदा आवळा. ती थोडी फिरेल. फिरतेच.

दुसरी रेघ सरळ राहायला लागली. आणि तरीही कटक आलाच. बारीक, पण आलाच.

इथं बरेच जण हताश होऊन सायकल विकतात. पण हा आवाज वेगळा होता. तो आट्यांचा नव्हता, पायडलच्या एका फेऱ्यात ठरावीक जागी येत होता. मागच्या चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला येणारा दोष कॉगचा किंवा हबचा. पायडलच्या फेऱ्याला येणारा दोष पुढच्या बाजूचा. आणि पायडलच्या दोन-सव्वादोन फेऱ्यांनी एकदा येणारा चेनच्या एखाद्या आखडलेल्या कडीचा, कारण चेन पूर्ण फिरून यायला तेवढा वेळ घेते. चालवताना मोजा. मी अक्षरशः मोठ्यानं मोजत होतो, हरिपूरला सकाळी फिरायला आलेली मंडळी बघत होती.

पायडलच्या फेऱ्याला येणारा आवाज डाव्या पायाच्या जोराला येतो की उजव्या? जुन्या सायकलीत चेनव्हील उजव्या क्रँकला पक्कं असतं. उजवा पाय दाबला की जोर क्रँकमधून थेट चेनव्हीलला जातो, वाटेत कॉटर येतच नाही. डाव्या पायाचा जोर मात्र डाव्या कॉटरमधून एक्सलला, एक्सलमधून उजव्या कॉटरला आणि मग चेनव्हीलला, असा वळसा घेतो. त्यामुळं फक्त डाव्या पायाला कटक म्हणजे कॉटर, हे जवळपास डोळे मिटून सांगता येतं. खात्री करायची तर दोन्ही पायडल आडवी समोर-मागं ठेवा, दोन्हींवर हातानं एकदम वजन द्या. मग क्रँक अर्धा फेरा फिरवून पुन्हा द्या. एखादा क्रँक थोडा खाली बसला तर त्याचा कॉटर गेलेला.

कॉटर नटानं घट्ट होतो असं सगळ्यांना वाटतं. नट त्याला फक्त धरून ठेवतो. कॉटर ही पाचर आहे, ती ठोकूनच बसते. क्रँकखाली लोखंडी ठोकळ्याचा टेका द्या, नाहीतर तो मार सगळा बीबीच्या छऱ्यांना आणि कोनला बसतो. ठोका, नट आवळा, पन्नास-साठ किलोमीटर चालवून पुन्हा ठोका, पुन्हा आवळा. नवा कॉटर भोकात पुरेसा आत जात नसेल तर त्याच्या सपाट बाजूवर कानस मारावी लागते, आणि ती सपाटच राहिली पाहिजे. मधे फुगली तर तो एका रेघेवर टेकतो आणि महिन्यात चेपतो. दोन बाजूंचे कॉटर एकमेकांच्या उलट घालायचे, एका बाजूचा नट वर असेल त्या स्थितीत दुसऱ्याचा खाली. सारखे घातले तर दोन क्रँक एका रेषेत येत नाहीत, आणि मग पाय असे विचित्र फिरतात की माणूस गुडघ्याच्या डॉक्टरकडं जाईल.

तिसऱ्या रेघेबद्दल थोडक्यात. साठ किलोचा माणूस १७० मिलिमीटरच्या क्रँकवर उभा राहिला तर ४४ दात्यांच्या चेनव्हीलवरून चेनमध्ये शंभर किलोच्या वर ताण येतो, आणि तो सगळा मागच्या एक्सलचं उजवं टोक पुढं ओढत असतो. नट सैल असेल किंवा वॉशरखाली रंगाचा थर असेल तर टोक पुढं सरकतं, टायर डाव्या बाजूला फ्रेमला घासायला लागतो, चेन लोंबते. रंग खरवडा, दातेरी वॉशर घाला, ग्रीस नटाच्या आट्यांना लावा, तोंडाला नाही. उजवीकडं एक चेन ॲडजस्टर असला की झोप शांत लागते.

आणि आता चेन, कारण कधी कधी ती खरंच दोषी असते. स्टीलची फुटपट्टी घ्या. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवून चोविसावी पिन बघा. सोळांश इंच पुढं गेली असेल तर चेन बदलायची वेळ आली. आठांश गेली असेल तर चेनबरोबर कॉगचेही दाते बघा, ते एका बाजूला झुकलेले दिसतील. अशा दात्यांवर नवी चेन घातली तर ती जुनीपेक्षा जास्त उडी मारते, आणि लोक नव्या चेनला शिव्या घालतात. जाडीही बघा: आठांश इंची चेन बारीक दात्यांवर चालते, पण गिअरच्या सायकलची बारीक चेन जाड दात्यांवर बसतच नाही. मधोमध वर-खाली अर्धा इंच खेळ असावा, आणि तो चेनव्हील फिरवून जिथं चेन सगळ्यात ताठ होते त्या जागी मोजायचा, कारण आपली पत्र्याची चेनव्हीलं क्वचितच गोल असतात. यापेक्षा जास्त ढील ठेवू नका. साध्या सायकलीची चेन पडली तर हात काळे होतात. फिक्सीची पडली तर ती चाकात अडकून चाक जागेवर जाम करते.

हे तपासताना चाक फिरतं ठेवून चेनला फडकं लावू नका. फ्रीव्हील नाही, त्यामुळं फडकं अडकलं तर चाक थांबत नाही, बोट दात्यांखाली जातं. एका हातानं चाक सावकाश, दुसऱ्या हातात फडकं, ते खालच्या चेनवर मधोमध.

भाच्याच्या सायकलीची आजची स्थिती: कॉगची रेघ तीन आठवडे सरळ आहे, दंडोबा एकदा उतरून झालाय. उजवा कॉटर बसला. डावा अजून बारीक बोलतो, कारण भोक पुराच्या गंजानं थोडं मोठं झालंय आणि जाड कॉटर मिरजेत मिळाला नाही. एक आणलाय, कानस मारायची बाकी आहे. “राहू दे की मामा, आता सवय झालीय,” असं काल म्हणत होता. सायकल माझ्या अंगणात आहे आणि कुलपाची किल्ली माझ्या खिशात.